बाईसाहेबांची आंघोळ आणि बामशिलचा कर्णा

थाक बुनी बामशिलमध्ये जन्मली, बामशिलच्याच शाळेत शिकली आणि तिथल्याच ओढ्यात एकदा बुडता बुडता वाचली. तरी गावात तिचं नाव पडलं ते ‘बुसानवाली’. तीसेक वर्षं ती बुसान शहरातल्या एका सार्वजनिक हमामखान्यात बायकांची अंगं घासायचं काम करत होती. पुढे मनगटं दुखायला लागली, त्याच सुमारास हमामखानाही बंद पडला, आणि बुनी अंग घासायचा आपला हिरवा खरखरीत हातमोजा घेऊन भावाच्या रिकाम्या घरात राहायला आली. गावानं तिला ओळखलं, पण परत आपल्यात मोजलं नाही. सून जशी माहेरच्या गावाच्या नावानं ओळखली जाते, तशी ही बुसानच्या नावानं.

आठवडी बाजारातून तिनं सहा कोंबड्या आणल्या. एकटीच्या घरात काहीतरी हलतं-बोलतं हवं, एवढाच हेतू. कोंबड्यांचं काय करायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिला एकच गोष्ट यायची, ती तिनं केली. कोमट पाण्याचं घमेलं अंगणात मांडलं आणि एकेकीला आंघोळ घालायला घेतली.

“या बाईसाहेब. पाणी कसं आहे? फार गरम तर नाही ना?”

हमामखान्यात ती प्रत्येक गिऱ्हाइकाला बाईसाहेबच म्हणायची, आणि आता या वयात तोंडाला दुसरी सवय कुठून लागणार? सहाही कोंबड्या बाईसाहेब झाल्या. पाठ झाली की बुनी दोन बोटांनी हलकेच थोपटायची. गिऱ्हाइकानं कुशीवर वळायचं असतं, त्याची ती खूण. पहिले काही दिवस कोंबड्या नुसत्या बघत राहिल्या. मग वळायला लागल्या. आंघोळ झाली की टॉवेलात गुंडाळून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, ती त्यांना पडवीत उन्हाला ओळीनं बसवायची.

गुम्दान आजीनं हे कुंपणावरून पाहिलं. आजी गावात सगळ्यांत मोठी. तिच्यापेक्षा जुनं असं एक वाकडं पाइनचं झाडच काय ते होतं. ती काठी टेकत तडक गावच्या सभागृहात गेली आणि विजेवर तापणाऱ्या जमिनीच्या उबेला पाय पसरून बसलेल्या बायकांना म्हणाली, “बुसानवालीचं डोकं फिरलं. कोंबड्यांना बाळंतिणीसारखं गुंडाळून बसवलंय. आणि त्यांच्याशी बोलतीय! ‘मुलीचं लग्न ठरलं का’ म्हणून विचारत होती एकीला.”

“मग कोंबडी काय म्हणाली?” कुणीतरी विचारलं.

“ते ऐकू आलं नाही गं. कान कुठे राहिलेत मला.”

पण महिनाभरात त्याच आजीची तांबडी कोंबडी खुराड्याच्या कोपऱ्यात शेपूट पाडून बसली. खाईना, पिईना, नुसती कण्हायची. अंडं अडलं होतं. आजीनं सगळे उपाय केले, शेवटी पातेलंही काढून ठेवलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, कोंबडी बगलेत मारून बुनीच्या दारात आली.

“घाल बाई हिलाही आंघोळ. मरायची तर स्वच्छ तरी मरू दे.”

बुनीनं तिला कोमट पाण्यात बसवलं. पोटाखाली हात धरला, पाठीवरून मोजा फिरवला आणि सवयीनं गप्पा सुरू केल्या. हवापाणी झालं, सुनांचे नखरे झाले, बुसानमध्ये मासळी किती महाग झालीय ते झालं. कोंबडीनं डोळे मिटले. तेवढ्यात पाण्यात ‘डुबुक’ असा आवाज झाला आणि घमेल्याच्या तळाशी अंडं जाऊन बसलं.

आजीनं ते अंडं पाण्यातून काढून उजेडात धरलं. मग म्हणाली, “माझ्या सुनेच्या वेळी तू कुठे होतीस?”

झालं. दुसऱ्या दिवसापासून बुनीच्या दारात रांग. कुणाच्या कोंबडीची पिसं गळतायत, कुणाची कोंबडी कोंबड्यासारखी आरवतीय, कुणाची नवऱ्यावरच धावून जातीय. बुनी सगळ्यांना आंघोळ घालायची. काहींना गुण यायचा, काहींना यायचा नाही, पण आलेलं माणूस चहा पिऊन, बोलून, हलकं होऊन जायचं. अंगण अपुरं पडायला लागलं तेव्हा सरपंच पांग छुनसिक म्हणाला, “ताई, सभागृहात या की. दर गुरुवारी वर्गच भरवू. मी कर्ण्यावरून जाहीर करतो.”

छुनसिक शाळेत बुनीच्या मागे दोन इयत्ता होता आणि तिथूनच तो तिला ताई म्हणायचा. सरपंच होण्यामागे त्याचा एकच स्वार्थ होता, तो म्हणजे कर्णा. सभागृहाच्या मागच्या खोलीत यंत्र, त्यासमोर माईक, आणि गावात खांबाखांबावर कर्णे. रोज सकाळी तो आधी एक रडकं गाणं लावायचा, मग “आ, आ, ऐकू येतंय का” म्हणून विचारायचा आणि मग खत आलंय, डॉक्टर येणारेत, कुणाचा तरी कुत्रा सुटलाय, असं काहीबाही सांगायचा. सांगण्यासारखं काही नसलं तर हवामान सांगायचा, तेही खिडकीबाहेर बघून.

तर वर्ग सुरू झाला. लोक सफरचंदाच्या खोक्यांत कोंबड्या घेऊन यायचे. मध्ये घमेलं, भोवती माणसं, आणि खोक्याखोक्यांतून वर आलेल्या माना. वर्ग बुनीचा असला तरी त्यात मेंग गुरुजी नावाचा एक काटा होता. गुरुजी सोलच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि बायकोला घेऊन डोंगराची हवा खायला बामशिलला आले होते. त्यांच्या बारा कोंबड्या होत्या आणि प्रत्येकीचं नाव एकेका राजधानीचं. ते मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि वर्गात हात वर करून बोलायचे.

“बुनीबाई, कोंबडीला पाण्याची आंघोळ लागत नाही. ती धुळीत लोळते. शास्त्र तसं सांगतं.”

“धुळीत तर तुम्हीही लोळता गुरुजी, परवा भाताची दारू प्यायल्यावर. म्हणून काय आंघोळ करत नाही होय?”

“मी पाय घसरून पडलो होतो.”

“बाईसाहेबही तेच म्हणतात.”

वर्ग हसायचा. गुरुजी वहीत काहीतरी खरडायचे आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा हात वर करायचे. खरं सांगायचं तर दोघांचंही अर्धं बरोबर असायचं आणि अर्धं चुकीचं, आणि कुणाचं कुठलं अर्धं बरोबर हे कोंबड्यांनाही कळत नसावं. पण त्यांची जुगलबंदी ऐकायला कोंबड्या नसलेली माणसंही यायला लागली. एका गुरुवारी बुनीनं खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीवर सांगितलं. खुडूक बसली की तिला जागची हलवायची नाही, हात लावायचा नाही, उगाच डोकावायचं नाही, आपणहून उठेल तेव्हाच. त्या दिवशी गुरुजींनी पहिल्यांदाच मान डोलावली, त्यामुळे ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तेच पुढे महागात पडलं.

मार्चमध्ये, डोंगरावर गुलाबी फुलं यायला लागली होती आणि लोक सफरचंदाच्या बागांत छाटणीला लागले होते, तेव्हा एका सकाळी कर्ण्यावरचं रडकं गाणं संपलं आणि सरपंचाचा आवाज आला.

“आ, आ, ऐकू येतंय का. शेणखताचा ट्रक दुपारी… अरे! ही कोण? ए, हट्! हट् म्हणतो ना… आई आई गं! चावली! मेलो!”

गाव छाटणीच्या कात्र्या हातात घेऊन धावलं. बुनीही धावली. मागच्या खोलीत सरपंच हात धरून भिंतीला टेकला होता आणि यंत्रावर गुम्दान आजीची तांबडी कोंबडी अंग फुगवून बसली होती. तिच्याखाली सरपंचाची लोकरी टोपी होती आणि टोपीत अंडी. गुरुवारच्या वर्गात जागा हेरून ही बया रोज गुपचूप मागच्या खोलीत शिरायची आणि यंत्रावर कागदांच्या ढिगाआड विसरलेल्या त्या टोपीत अंडं घालून जायची, हे कुणाच्या गावी नव्हतं. यंत्र गरम राहतं. तिला तेवढं पुरे होतं. आदल्या दिवशी ती खुराड्यात परतली नव्हती तेव्हा आजीनं रानमांजरानं नेली म्हणून दोन अश्रूही गाळले होते.

“उचला तिला,” सरपंच म्हणाला. “मला चावून पुढे सरकली, बटण आता तिच्या पोटाखाली आहे. माईक चालूच राहिलाय.”

कुणी हललं नाही. सगळ्यांनी बुनीकडे पाहिलं.

बुनीनं कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीनं बुनीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती. होता नुसता पहारा.

“खुडूक आहे,” बुनी म्हणाली. “खुडूक असली की हलवायची नाही.”

“बरोबर,” मेंग गुरुजी म्हणाले. “शास्त्रही तेच सांगतं.”

“अहो पण माईक!”

“छुनसिक,” गुम्दान आजी पुढे झाली आणि तिनं काठी सरपंचाच्या छातीला टेकवली. “तू जन्मलास तेव्हा तुझ्या आईला कुणी यंत्रावरून उचललं होतं का?”

“आजी, माझी आई यंत्रावर नव्हती.”

“नव्हती ना? मग गप्प बस.”

मेन स्विच बंद करावा म्हटलं तर सभागृहाला तो एकच. तो बंद केला की बायकांच्या बैठकीची जमीन थंड पडणार आणि गावाच्या वर्षभराच्या किमचीचा, त्या आंबवलेल्या लोणच्याचा, फ्रिजही बंद पडणार. किमचीचं नाव निघाल्यावर चर्चाच संपली. वायर कापू म्हणावं तर ती यंत्राच्या मागून गेलेली, आणि कोंबडीची चोच तिथपर्यंत पोचत होती हे सरपंचाच्या हाताला ठाऊक होतं. शेवटी हात वर करून मत घेतलं. पिल्लं निघेपर्यंत कोंबडी बसेल आणि माईक चालू राहील. विरोधात एकटा सरपंच. ही सगळी चर्चा अर्थातच खांबाखांबावरून गावभर ऐकू जात होती, त्यामुळे छाटणीवरून जे आले नव्हते त्यांनीही बागेतून ओरडून आपापलं मत कळवलं.

आता सभागृहाच्या मागच्या खोलीला दार असं नव्हतंच, नुसता पडदा. माईक चांगल्या प्रतीचा होता. सरपंचानं स्वतः शहरात जाऊन निवडला होता. बैठकीत कुणी सुस्कारा टाकला तरी तो ओढ्यापर्यंत जायचा.

पहिल्या दिवशी सगळे खुणा करून बोलले. दुसऱ्या दिवशी कुजबुजले, तर कुजबुज कर्ण्यावरून साप फुत्कारल्यासारखी यायला लागली आणि कुत्री भुंकायला लागली. तिसऱ्या दिवशी बायका पत्ते घेऊन बसल्या आणि विसरल्या. गुम्दान आजी मांडीखाली पत्ता लपवते हा संशय जुना होता. तो त्या दुपारी सबंध गावासमोर जाहीर झाला.

“आजी, मांडी उचला.”

“गुडघा धरलाय माझा.”

“मघाशी शौचाला जाताना बरा सुटला होता!”

बागेत, शिडीवर उभे असलेले लोक कात्री थांबवून ऐकत होते. आजीची मांडी उचलली गेली तेव्हा दोन बागांपलीकडून टाळ्या पडल्या.

सरपंचाची तर दैनाच झाली. जेवणानंतर सभागृहात अंग टाकायची त्याची सवय. त्याचं घोरणं डोंगराला धडकून परत यायचं, त्यामुळे ते दोनदा ऐकू यायचं. त्याच्या बायकोनं भर चौकात हात जोडून सांगितलं, “इतकी वर्षं मी सांगत होते, कुणाला खरं वाटत नव्हतं.” मेंग गुरुजी सभागृहात बायकांना ऐकवत बसले होते की घरी रोजचा स्वयंपाक तेच करतात, बायकोला गॅससुद्धा पेटवता येत नाही. गुरुजींची बायको होंगजू त्या वेळी गॅसपाशी उभी होती. ती एप्रन न काढताच चालत सभागृहात आली, हातात उलथणं. तिनं गुरुजींना काही म्हटलं नाही. ती सरळ मागच्या खोलीत गेली, कोंबडीला वाकून नमस्कार केला, माईकपाशी तोंड नेलं आणि म्हणाली, “खोटं आहे.” मग घरी गेली. गुरुजी त्या दिवशी खरोखरच स्वयंपाकाला लागले.

आणि गुरुवारचा वर्ग! सभागृहात यायची आता गरजच उरली नाही. माणसं आपापल्या अंगणात घमेलं मांडून बसायची आणि कर्ण्याकडे कान लावायची.

“आता बाईसाहेबांना डाव्या हातावर घ्या,” बुनीचा आवाज यायचा. “पंखाखाली उवा बघा. मिळाल्या का?”

“मिळाल्या!” वरच्या आळीतून.

“पाठ झाली. आता दोन बोटांनी थोपटा, वळतील.”

“वळत नाही!” ओढ्याकाठून.

“कोण? कांग का? अरे, त्यांना बाईसाहेब म्हण आधी. नुसतं थोपटून कोण वळेल?”

 मग ओढ्याकाठून, लाजत, “बाईसाहेब…” आणि लगेच, “वळली! ताई, वळली!”

सबंध दरीत एकाच वेळी कोंबड्या कुशीवर वळत होत्या. तो सोहळा बुनीला दिसत नव्हता. सभागृहात ती, गुरुजी आणि पडद्यामागे तांबडी, एवढेच उरले होते. शेजाऱ्यांच्या गप्पा, हसणं, खोकी, पिसं यांची तिला सवय झाली होती. आता रिकाम्या बैठकीत बोलताना तिला बुसानचे शेवटचे दिवस आठवायचे. हमामखान्यात गिऱ्हाइकं येईनाशी झाली होती आणि ती एकटीच ओल्या फरश्यांवर बसून वाट बघायची.

अशाच एका दुपारी सरपंच आपला पांढरा कोंबडा तिच्याकडे ठेवून बागेत गेला. कोंबड्याच्या पायांना खपल्या धरल्या होत्या. बुनीनं बाही वर केली.

“या साहेब. संकोच करू नका. तीस वर्षांत पुरुष गिऱ्हाईक तुम्ही पहिलेच.”

कोंबडा संकोचानं पाण्यात बसला. बुनीनं मोजा चढवला. उबेत हात गेले की तिची जीभ आपोआप सुटायची. हमामखान्यात गिऱ्हाईक बोलायचं आणि ती हं हं करायची, पण कोंबडा बोलत नव्हता, म्हणून तीच बोलायला लागली. माईक आहे हे ती पार विसरून गेली.

“काय सांगू साहेब, गरोदर बायकांच्या पाठी घासल्या, नवरीच्या घासल्या, म्हाताऱ्यांच्या घासल्या. पाठ बघून मी सांगायची, हिनं आयुष्यभर मूल पाठीशी बांधलंय, हिनं भांडी उचललीयत. तोंडं विसरले मी, पाठी आठवतात. एक बाई होती, ती दर शनिवारी यायची आणि पाठ घासून घेताना रडायची. कधी विचारलं नाही मी. पाणी ओतायची नुसतं, म्हणजे रडणं झाकलं जायचं.”

कोंबड्यानं मान वाकडी केली.

“माझी? माझी पाठ कोण घासणार? दिवस संपला की बाकीच्या जणी निघून जायच्या, मी फरशी धुवायची. मधली जागा असते बघा, दोन्ही हातांना पोचत नाही अशी. तिथे माझ्या तीस वर्षांत कुणाचा हात लागला नाही. भिंतीला घासायची मी, म्हशीसारखी. जाऊ दे. वळा साहेब.”

संध्याकाळी ती घरी निघाली तर गाव विचित्रच वागत होतं. रस्त्यात माणसं बाजूला होऊन वाट देत होती. सरपंचानं कोंबडा घेताना दोनदा मान वाकवली, एकदा तिला, एकदा कोंबड्याला.  बुनीला वाटलं, कुणीतरी गेलं असावं.

सकाळी दारात गुम्दान आजी उभी, डोक्याला रुमाल, हातात प्लास्टिकची परडी. मागे होंगजू, सरपंचाची बायको, आणि गावातल्या झाडून सगळ्या बायका, प्रत्येकीच्या हातात तशीच परडी.

“चल,” आजी म्हणाली. “बस येईल.”

“कुठे?”

“आंघोळीला. तालुक्याला.”

“आजी, काय झालंय?”

“काय व्हायचंय? तू कोंबड्याशी बोललीस, दरीनं ऐकलं. आता चल गुमान, नाहीतर बस चुकेल.”

बुनीची कानशिलं एकदम तापली. तिला आधी घरात शिरून कडी लावावीशी वाटलं, मग रागही आला. पण आजीनं तिचं मनगट धरलं होतं, आणि त्या वयाच्या माणसाशी झटापट कशी करणार? बस भरून बायका तालुक्याच्या हमामखान्यात उतरल्या. तिथली अंग घासणारी बाई इतकी गिऱ्हाइकं बघून खुशीत उठली, तर आजीनं तिला हातानंच बसवलं. “तू राहू दे गं. आज आम्ही घासणार.”

बुनीला पालथं झोपवलं आणि भांडण सुरू झालं.

“मधली जागा माझी. मी मोठी आहे.”

“आजी, तुमच्या हातात जोर नाही.”

“जोर बघायचाय?”

“बाजूला व्हा, आधी पाणी ओतू द्या.”

“जोरात नको गं, सोलशील तिला!”

बुनी मान वर करून ओरडत होती, “मोजा आधी भिजवा! खालून वर न्यायचा, खालून वर! कोण आहे ते? होंगजू? भांडं नाही घासत तुम्ही. मनगट सैल सोडा. असं काय… हां. हां, तिथे. तिथेच. जरा डावीकडे…”

मग तिचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. बायकांनी वाकून बघितलं. बुनी गाढ झोपली होती, तोंड उघडं, गाल ओल्या फळीला चिकटलेला. आजीनं तोंडावर बोट ठेवलं. तिच्यावर अधूनमधून कोमट पाणी ओतत त्या बसून राहिल्या, इतक्या हळू बोलत, जितक्या हळू त्या माईकसमोरही कधी बोलल्या नव्हत्या. दुपारची बस गेली. त्यानंतरचीही गेली. शेवटी सरपंच ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा भिजून सुरकुतलेल्या बोटांच्या सगळ्या बायका मागच्या ट्रॉलीत मुळ्यांसारख्या दाटीवाटीनं बसून परत आल्या. बुनी मध्ये बसली होती. वाटेत ती एकदाच बोलली, “आजी, तुमच्या हातात जोर आहे.” आजीनं सगळ्यांकडे विजयानं पाहिलं.

पिल्लं निघाली ती भर दुपारी, जेवणाच्या वेळी. कर्ण्यावरून आधी टक टक ऐकू आलं. लोकांना वाटलं यंत्र बिघडलं. मग एक चिमुकला, फाटका आवाज दरीभर पसरला, इतका मोठा की वाटावं डोंगराएवढं पिल्लू जन्माला आलंय. माणसं घास तोंडात घेऊन पळाली. मागच्या खोलीत सरपंच आधीच पडद्यापाशी गुडघ्यांवर बसला होता. ज्यानं विरोधात मत दिलं होतं तोच आता मागच्यांना सांगत होता, “शू! ढकलू नका. एक निघालंय, दुसऱ्याचं कवच तडकलंय.” टोपीतून सात पिल्लं निघाली. तांबडी दुसऱ्या दिवशी आपणहून उठली, पिल्लांना घेऊन यंत्रावरून खाली उतरली आणि सरपंचाकडे न बघता पडद्याबाहेर निघून गेली. सरपंचानं बटणाकडे हात नेला. घाबरत घाबरतच. दाबलं.

दरी एकदम गप्प झाली. इतक्या दिवसांची सवय. लोक बागेतल्या बागेत थांबून खांबांकडे बघायला लागले.

चार-दोन दिवसांत ओढ्यापलीकडच्या दोलमोरु गावाहून तीन माणसं छोट्या ट्रॅक्टरसारख्या पॉवर टिलरवर बसून आली. त्यांच्यातला म्हातारा, उ नावाचा, टोपी काढून सरपंचासमोर उभा राहिला.

“तुमचा कर्णा बंद पडला का?”

“पडला नाही, बंद केला. तुम्हाला त्रास झाला असेल, माफ करा बरं.”

“त्रास कसला? आम्ही रोज ओढ्याकाठी बसून ऐकत होतो. पत्त्यांचं पुढे काय झालं ते कळलं नाही. आणि गुरुवारचा वर्ग? तो चालू आहे ना?” त्यानं बुनीकडे वळून कंबरेत वाकून नमस्कार केला. “बुनीबाई, आमच्याकडे याल का? मंगळवारी. टिलर पाठवू.”

गुरुजी सोडले तर बुसानवाली न म्हणता नावानं हाक मारणारा हा पहिलाच माणूस. बुनी हो म्हणाली.

मंगळवारी ती घमेलं, मोजा आणि टॉवेल घेऊन टिलरच्या ट्रॉलीत बसली. मेंग गुरुजींनी आपणहून मागच्या फळीवर जागा धरली. विरोध करायला कुणीतरी हवंच, असं ते म्हणाले. दोलमोरुच्या सभागृहात चटया टाकल्या होत्या, बार्लीचा चहा तयार होता आणि माणसं ओळीनं, हात मांडीवर ठेवून बसली होती. बुनीनं इकडेतिकडे पाहिलं.

“खोकी कुठे आहेत?”

“कसली?”

“कोंबड्यांची.”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. उ म्हातारा घसा खाकरून म्हणाला, “कोंबड्या नाहीत आमच्याकडे. सगळ्या गावात एकही नाही. रानमांजरांनी कधीच संपवल्या. पण शिकलोय आम्ही सगळं. विचारा काहीही. उवा कुठे बघायच्या? पंखाखाली. खुडूक बसली तर? हलवायची नाही.”

“हलवायची नाही,” बाकीचे एका सुरात म्हणाले.

बुनीनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी खांदे उडवले. यावर शास्त्राला काही म्हणायचं नव्हतं. ती घमेल्याशेजारी मांडी घालून बसली.

“बरं मग,” ती म्हणाली. “बोला. कुणाला काय विचारायचंय?”

माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. मग उ म्हाताऱ्यानं हात वर केला.

“माझी एक करडी कोंबडी होती. माझं लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट. रोज अंडं द्यायची. बायको बाळंतीण झाली आणि नेमकी तेव्हाच हिनं अंडी घालायची बंद केली. माझी आई म्हणाली, कोंबडीला दृष्ट लागली. मी काहीच केलं नाही. तेव्हापासून मनात आहे. काय झालं असेल हो तिला?”

गुरुजी तोंड उघडणार होते. बुनीनं त्यांना डोळ्यानं गप्प केलं. ती थोडी पुढे सरकली.

“तुरा कसा होता?” तिनं विचारलं. “लाल की फिकट?”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. सगळं सभागृह त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिलं.

“फिकट,” तो शेवटी म्हणाला. “फिकट होता खरा.”

“आणि खायची काय?”

“थांबा, आठवतो,” म्हातारा म्हणाला, आणि शेजारच्यानं त्याच्या पेल्यात चहा ओतला.